टिळकांनी पगार सोडला, पण घर कोणी चालवलं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ख्रिस्ती धर्मात ‘स्वतःला नाकारणं’ म्हणजे नक्की काय? उपासतापास का? येशूने शिष्यांना सांगितलं ते थोडक्यात असं: स्वतःला नाकारा, आपला वधस्तंभ उचला आणि माझ्यामागे या. आज वधस्तंभ गळ्यातल्या साखळीत असतो. रोमन राजवटीत तो फाशीच्या तख्तासारखा होता. ऐकणाऱ्यांना चर्रकन झालं असणार.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातलं चित्पावन घर. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि एका दिवसात जात, नातेवाईक, समाजातली जागा, सगळं गेलं. बायकोसुद्धा. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाईकांकडे राहिल्या.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १८६६ च्या कायद्यानुसार, ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार नांदायला तयार नसेल तर कोर्टाकडून लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते थांबले.

पण थांबणं दोन्हीकडून होतं ना! निर्णय नवऱ्याचा, आणि टोमणे, आजारपण, परावलंबन बायकोच्या वाट्याला. ‘टिळकांचा त्याग’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा हा अर्धा हिशेब गाळतो. मला तो गाळावासा वाटत नाही.

पुढे लक्ष्मीबाई परत आल्या, पण हिंदू म्हणूनच, सोवळं-ओवळं सांभाळत. मग स्वतःशी विचार करून आधी त्यांनी जातिभेद सोडला, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत गेल्या असं म्हणणाऱ्यांनी मधली ही पाच वर्षं बघावीत. त्यांचं शिष्यत्व त्यांच्याच पायांनी चाललेलं आहे.

टिळकांचं दुसरं सोडणं १९१७ मधलं. तोवर ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग संपादित करत होते. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. (आमच्या आयटीत राजीनाम्याच्या गप्पा रोज होतात, पण हातात दुसरी ऑफर असते!) दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. टिळकांचं म्हणणं साधं होतं: गोऱ्या साहेबाच्या पगारी नोकराचा ख्रिस्त इथल्या माणसाला परकाच वाटणार. वारकरी संतांवर वाढलेल्या या कवीला गुरू आणि शिष्य हे नातं ठाऊक होतं, त्यात मस्टर नसतं.

म्हणजे १८९५ मध्ये त्यांनी हिंदू समाजातली जागा सोडली आणि १९१७ मध्ये ख्रिस्ती समाजातली. मला दुसरं जास्त अवघड वाटतं. पहिल्या वेळी निदान मिशनचा आधार होता.

दरबाराला वेळ फार मिळाला नाही. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढे लिहायला घेतलं लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या.