शितावरून भाताची परीक्षा

एखाद्या राज्याच्या विधानसभेचा निकाल लागला, की दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या सत्तेचे भविष्य वर्तविले जाते. शितावरून भाताची परीक्षा करावी, ही आपल्याकडील जुनी रीत. परंतु ही परीक्षा खरी ठरण्यास एक अट आहे : शीत त्याच भांड्यातले असावे लागते.

प्रजासत्ताकाच्या आरंभी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. १९५२ पासून १९६७ पर्यंतच्या चार सार्वत्रिक निवडणुकांत लोकसभेचे आणि बहुतेक विधानसभांचे मतदान एकाच सुमारास होई. १९७१ साली लोकसभेची निवडणूक मुदतीपूर्वी झाली आणि दोहोंच्या वाटा वेगळ्या झाल्या. तेव्हापासून राज्याच्या कौलात देशाचा कौल शोधण्याचा प्रघात पडला.

हा शोध कधी सफळ झाला, हे गुजरातेत दिसते. नवनिर्माण आंदोलनामुळे १९७४ साली तेथील विधानसभा विसर्जित झाली होती. मोरारजी देसाई यांनी उपोषण करून नवी निवडणूक मागून घेतली. जून १९७५ मध्ये तिचा निकाल लागला. काँग्रेसचे बहुमत गेले आणि जनता मोर्चाचे बाबुभाई पटेल मुख्यमंत्री झाले. इंदिरा गांधी यांनी त्या प्रचारात स्वतः भाग घेतला होता. मोर्चात एकत्र आलेले विरोधी पक्षच पुढे जनता पक्षात सामील झाले आणि मार्च १९७७ मध्ये केंद्रातील सत्ता पालटली. गुजरातेत जो प्रश्न विचारला गेला, तोच पुढे देशापुढे आला. म्हणून ते शीत खरे ठरले.

याच्या अगदी उलट उदाहरण कर्नाटकाचे. डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर झालेल्या लोकसभा निवडणुकीत, तेथील २८ पैकी २४ जागा काँग्रेसने जिंकल्या. मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी हा कौल मानून राजीनामा दिला व नव्याने जनादेश मागितला. मार्च १९८५ मध्ये त्याच मतदारांनी त्यांच्या जनता पक्षास २२४ पैकी १३९ जागा दिल्या. तीन महिन्यांत लोकांचे मन बदलले नव्हते. देश कोणाच्या हाती द्यावा आणि राज्य कोणी चालवावे, या दोन प्रश्नांना त्यांनी दोन उत्तरे दिली होती.

हा भेद न ओळखल्यास पक्षांना जबर किंमत मोजावी लागते. डिसेंबर २००३ मध्ये भारतीय जनता पक्षाने मध्य प्रदेश, राजस्थान व छत्तीसगढ जिंकले आणि त्या विजयाच्या भरवशावर लोकसभेची निवडणूक काही महिने अलीकडे ओढली. या तिन्ही राज्यांनी २००४ साली त्यास पुन्हा भरघोस साथ दिली. मध्य प्रदेशात २९ पैकी २५ जागा मिळाल्या. तरीही सत्ता गेली. तामिळनाडूतील सर्व ३९ जागा द्रमुक-काँग्रेस आघाडीकडे गेल्या आणि आंध्रात मित्रपक्ष तेलुगू देसमचा धुव्वा उडाला. शिते शिजलेली होती. पण ती एकाच कोपऱ्यातून काढली होती.

डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसला ११४ व भाजपला १०९ जागा मिळाल्या. सरकार बदलले, पण मतांच्या टक्केवारीत भाजप किंचित पुढेच होता. मे २०१९ मध्ये त्याच राज्यात भाजपने २९ पैकी २८ जागा जिंकल्या. केवळ जागा मोजणाऱ्यांना हा चमत्कार वाटला. मते मोजणाऱ्यांना तो तितकासा वाटला नसावा.

नगरपालिका व पंचायती यांच्या बाबतीत तर अधिकच सावधपणा हवा. तेथे नळाचे पाणी, रस्ता, दिवाबत्ती आणि उमेदवाराची ओळख यांचे वजन पक्षाच्या चिन्हाहून पुष्कळदा जड भरते.

म्हणून निकाल हाती आल्यावर जाणत्या वाचकाने तीन गोष्टी पाहाव्यात : मतदारांना प्रश्न कोणता विचारला होता, जागांच्या मागे मते किती होती, आणि इतर प्रांतांत कोणाची कोणाशी युती आहे. या तिन्हींची उत्तरे जुळली, तरच राज्याच्या कौलावरून दिल्लीचा अंदाज बांधावा. एरवी त्या कौलास त्या राज्याचाच कौल म्हणून मान द्यावा. तोही काही लहान मान नव्हे.