फोन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी: कागद वाचून घेणं, माहिती शोधणं आणि खात्री करणं

आपल्या मोहल्ल्यांत एक गोष्ट सर्रास दिसते. बँकेचा मेसेज आला, शाळेची नोटीस आली किंवा वीजबिलावर काही वेगळं छापून आलं की घरातली बाई फोन उचलते आणि शेजारच्या मुलाकडे नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. "बेटा, जरा देख तो, क्या लिखा है." मुलगा वाचून सांगतो, बहुतेक वेळा भल्या मनानेच सांगतो. पण तेवढ्या दोन मिनिटांत ओटीपी, आधारचा फोटो, घरातल्या लग्नाचे फोटो, सगळं परक्या हातात असतं. फसवणुकीच्या कित्येक गोष्टी इथूनच सुरू होतात.

अडचण भाषेची आहे. ज्यांचं शिक्षण उर्दूत झालं त्यांना मराठी आणि इंग्रजी कागद अडतो. ज्यांचं मराठीत झालं त्यांना दादाजींच्या पेटीतला उर्दू कागद अडतो. आणि यातली बरीचशी अडचण आता हातातला साधा फोनच सोडवू शकतो. त्यासाठी नवा, महागडा फोन घ्यायची गरज नाही. पुढे जे सांगतोय ते मुख्यतः अँड्रॉइड फोनबद्दल आहे, कारण आपल्या घरांत तोच जास्त आहे. बटणांची नावं कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात, तेवढं सांभाळून घ्या.

कागद कॅमेऱ्यासमोर धरा

गूगलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला कॅमेऱ्याचं छोटं रंगीत चिन्ह असतं. ते म्हणजे गूगल लेन्स. ही सोय २०१७ पासून आहे, तरी दहापैकी आठ पालकांनी त्या चिन्हावर कधी बोटच ठेवलेलं नसतं, असा माझा अंदाज. ते दाबा, कॅमेरा उघडेल. खाली 'ट्रान्सलेट' किंवा 'भाषांतर' निवडा आणि वर हवी ती भाषा ठेवा. शाळेची मराठी नोटीस समोर धरली की त्याच कागदावर, त्याच जागी उर्दू अक्षरं दिसू लागतात. अब्बांचा उर्दू कागद असेल तर उलटं करा, मराठी दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नोटिशीचा फोटो असेल तर कॅमेऱ्याऐवजी गॅलरीतून तो फोटो निवडायचा.

ज्यांना वाचताच येत नाही, किंवा चष्मा सापडत नाही, त्यांच्यासाठी यातच आणखी एक सोय आहे. भाषांतराऐवजी मजकूर निवडला की 'कॉपी' सोबत 'ऐका' असाही पर्याय येतो. फोन मोठ्याने वाचून दाखवतो. आवाज यंत्राचा, उच्चार थोडे विचित्र; पण "तारीख पंधरा, वेळ सकाळी अकरा" एवढं कळायला पुरेसा.

२०२४ च्या जानेवारीपासून काही नव्या फोनमध्ये 'सर्कल टू सर्च' आलं आहे. खालचं होम बटण, किंवा बटण नसेल तर खालची आडवी रेघ, जरा वेळ दाबून ठेवायची आणि पडद्यावर ज्याबद्दल विचारायचं आहे त्याभोवती बोटाने गोल काढायचा. फोटो वेगळा साठवायची गरज नाही. तुमच्या फोनमध्ये हे नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, लेन्सनेही तेच काम होतं.

आता मर्यादा. छापील मजकूर लेन्स छान वाचतं. हाताने लिहिलेलं, त्यातही शिकस्त वळणाचं उर्दू किंवा डॉक्टरांची चिठ्ठी, यावर अजिबात विसंबू नका. औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचून घ्यायला हरकत नाही, पण चिठ्ठीतला १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे भाषांतर तुम्हाला सांगणार नाही. ते मेडिकलवाल्यालाच विचारा. तारखा, रकमा आणि नावं भाषांतरात पाहून झाल्यावर मूळ कागदावर पुन्हा पाहा. जमिनीचा किंवा कोर्टाचा कागद असेल तर भाषांतर फक्त 'हा कागद कशाबद्दल आहे' एवढं समजायला वापरा. त्यावर विसंबून सही करू नका. मोडी लिपीतल्या जुन्या दस्तासाठी तर मोडीचा जाणकारच गाठावा लागतो.

बऱ्याच फोनवर उर्दू नस्तालीकमध्ये न दिसता अरबी वळणाच्या नस्ख अक्षरांत दिसते. बुजुर्ग म्हणतात, "ये कैसी उर्दू है?" थोडी सवय होते. आयफोनमध्ये २०१७ पासून उर्दूसाठी नस्तालीकची सोय आहे.

आणि एक पथ्य पाळा. लेन्सला दाखवलेला फोटो इंटरनेटवरून गूगलकडे जातो. त्यामुळे एटीएम कार्ड, पासबुक, आधार यांचे फोटो भाषांतरासाठी देऊ नका. त्यावर वाचण्यासारखं असतं तरी काय!

मुलं याच लेन्सने गणिताचा गृहपाठ उरकतात हेही इथेच सांगून टाकतो. आम्हा शिक्षकांना ते लगेच कळतं. वर्गात न शिकवलेल्या रीतीने सोडवलेलं उदाहरण वहीत दिसलं की समजायचं.

लिहिता येत नसेल तर बोला

जीबोर्ड कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा जोडून ठेवा. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते, आणि माईकच्या चिन्हावर बोट ठेवून बोललं की फोन टाईप करतो. शोधतानाही तसंच बोलता येतं. घरात कमी ऐकू येणारं कुणी असेल तर 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' हे मोफत अ‍ॅप जरूर घालून द्या. समोरचा बोलतो ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटत जातं, मराठीतही आणि उर्दूतही. दवाखान्यात दादीला डॉक्टरांचं बोलणं कळावं म्हणून याच्याइतकी उपयोगी चीज दुसरी नाही.

पत्ता उजवीकडून वाचा

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की एक मेसेज फिरतो: 'मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती, पहिली ते दहावी, आजच शेवटची तारीख, खालच्या लिंकवर भरा.' पालक लिंक दाबतात, आधार क्रमांक आणि खातेक्रमांक भरतात. प्रत्यक्षात केंद्र सरकारची अल्पसंख्याकांसाठीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीला बंद आहे. ती नववी-दहावीपुरती करण्यात आली. म्हणजे त्या मेसेजचं पहिलं वाक्यच चुकीचं. पण हे कळण्यासाठी मूळ जागी जाऊन पाहावं लागतं.

मूळ जागा ओळखायची कशी? वेबसाइटचा पत्ता पाहा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधीचा भाग घ्या आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. उर्दू वाचणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको! उजवीकडून आधी 'इन' आणि मग 'गव्ह' आलं, म्हणजे पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन' असा संपला, तर ती सरकारी साइट. हा शेवट सरकारी संस्थांनाच मिळतो. केंद्राच्या शिष्यवृत्तीचा पत्ता 'स्कॉलरशिप्स डॉट गव्ह डॉट इन', राज्याच्या महाडीबीटीचा 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन', हज कमिटीचा 'हजकमिटी डॉट गव्ह डॉट इन'. बनावट पत्त्यातही 'गव्ह' शब्द मधे कुठेतरी घुसवलेला असतो, पण शेवट डॉट कॉम किंवा डॉट एक्सवायझेड असा काहीतरी निघतो. डाव्या बाजूने वाचणारा तिथेच फसतो.

गूगललाही सांगता येतं की फक्त सरकारी जागीच शोध. शोधायचे शब्द लिहा, मग इंग्रजीत 'साइट', त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्यांना चिकटून 'गव्ह डॉट इन'. मधे जागा सोडायची नाही. मग यूट्यूबवाले आणि 'आत्ताच अर्ज करा'वाले सगळे गळून पडतात. एखादं नाव जसंच्या तसं शोधायचं असेल तर ते दुहेरी अवतरण चिन्हांत घाला. आणि एकच प्रश्न मराठी, उर्दू, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत विचारून पाहा, उत्तरं वेगवेगळी येतात. पाठ्यपुस्तकासाठी मात्र इकडेतिकडे शोधूच नका. ई-बालभारतीवर उर्दू माध्यमासह पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. पुस्तक हरवलं म्हणून मुलाला मार खायची गरज नाही.

बँकेचा किंवा गॅस कंपनीचा 'कस्टमर केअर नंबर' गूगलवर शोधणं ही मला सगळ्यात धोक्याची सवय वाटते. वरच्या निकालांत जाहिराती असतात, आणि ठगांचे नंबरही असतात. नंबर कार्डाच्या पाठीवरून, पासबुकावरून किंवा बिलावरूनच घ्या.

हल्ली शोधाच्या सगळ्यात वर एआयने लिहिलेलं तयार उत्तर दिसतं. वाचायला सोपं असतं, म्हणूनच जपा. शेवटची तारीख, फी, पात्रता या गोष्टींत ते मागच्या वर्षीचं या वर्षीत मिसळू शकतं. शेजारी दिलेली लिंक उघडून तारीख स्वतः पाहा. दीनी मसला विचारणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं, कारण एआय कधी कधी अस्तित्वातच नसलेला हवाला अगदी आत्मविश्वासाने देतं. त्यासाठी आलिम आहेत.

फोटो कधीचा आहे?

कुठे दगडफेक झाली, कुठे मशिदीला आग लागली, असे फोटो रात्री अकराला ग्रुपवर येतात. रक्त उसळतं आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पुढे ढकलून मोकळा होतो. त्यानंतर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या बापाला माराव्या लागतात. फोटो पुढे पाठवण्याआधी त्यावर लेन्स चालवा. तोच फोटो आधी कुठे कुठे छापून आला ते दिसतं, आणि बऱ्याचदा तो दुसऱ्या देशातला किंवा पाच वर्षांपूर्वीचा निघतो. व्हिडिओ असेल तर तो थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावर शोधा. काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं मात्र नाही. एआयने बनवलेल्या चित्राचा जुना माग मिळतच नाही. अशा वेळी न पाठवणं हेच बरं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला तर तो अनेक हातांतून आलेला असतो. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. २०२० पासूनची ही अट अफवांसाठीच आहे.

किब्ला, नमाजच्या वेळा आणि लोकेशन

किब्ला दाखवणारं अ‍ॅप फोनमधल्या होकायंत्रावर चालतं. काही स्वस्त फोनमध्ये ते नसतंच, मग अ‍ॅपची सुई काहीही दाखवते. चुंबकाचं कव्हर, लोखंडी कपाट, स्कूटरची डिकी यांच्याजवळही दिशा चुकते. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा, मग पाहा. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेकडे, जरासा उत्तरेला झुकलेला असतो. सुई दक्षिणेला जात असेल तर अ‍ॅप चुकतंय एवढं डोळ्यांनीच कळतं.

या अ‍ॅपना लोकेशन द्यावं लागतं आणि तिथेच गोम आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये 'मुस्लिम प्रो' या जगभर वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅपमधला लोकेशनचा डेटा एका कंपनीमार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत गेल्याची बातमी आली होती. त्यानंतर त्या कंपनीशी संबंध तोडल्याचं अ‍ॅपवाल्यांनी जाहीर केलं. आपण एवढं करावं: परवानगी देताना 'फक्त अ‍ॅप वापरताना' निवडा. अँड्रॉइड १२ पासून 'अंदाजे' लोकेशनही देता येतं. नमाजच्या वेळांना तेवढं पुरतं. शहराचं नाव हाताने भरता येत असेल तर त्याहून उत्तम.

फोन हरवला, चोरीला गेला

अँड्रॉइड १० आणि पुढच्या बऱ्याच फोनमध्ये आता चोरीपासून संरक्षणाची सेटिंग आहे. कुणी हातातून हिसकावून पळालं तर फोन हालचाल ओळखून स्वतः लॉक होतो. सेटिंगमध्ये 'थेफ्ट' असं शोधा आणि आजच चालू करा, बऱ्याचदा ती बंदच असते. घरातच कुठे गादीखाली गेला असेल तर दुसऱ्या फोनवर आपल्या गूगल खात्याने 'फाइंड हब' उघडा. सायलेंटवर असला तरी तो मोठ्याने वाजतो.

खरंच गेला असेल तर आधी बँकेला फोन करून यूपीआय बंद करा आणि सिम ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त. मग पोलिसांत तक्रार करा आणि त्याच नंबरचं नवं सिम घ्या. त्यानंतर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर फोन ब्लॉक करण्याचा अर्ज भरा. हे पोर्टल २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालं. एकदा ब्लॉक झाला की तो फोन देशात कुठल्याही सिमवर चालत नाही, आणि सापडला तर पुन्हा सुरूही करून घेता येतो. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही इथेच दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर 'हा माझा नाही' असं तिथूनच कळवायचं.

अर्जात पंधरा अंकी आयएमईआय नंबर मागतात. तो फोनच्या खोक्यावर छापलेला असतो, आणि खोकं घरात कुणी ठेवत नाही. डायल करायच्या जागी स्टार, हॅश, ०६, हॅश दाबा, नंबर पडद्यावर येईल. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात. दोन्ही त्या फोनमध्ये नव्हे, घरातल्या वहीत लिहून ठेवा. जिथे गॅसचा नंबर आणि दूधवाल्याचा हिशेब असतो, त्याच वहीत.