कागदावरचा मैल आणि रस्त्यावरचा मैल

गाडी विकत घेणारा मनुष्य जगाच्या पाठीवर कोठलाही असो, त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : गाडी 'ॲव्हरेज' किती देते? विक्रेता एक आकडा सांगतो, कागदावर दुसरा छापलेला असतो, आणि सहा महिन्यांनी त्या माणसाच्या स्वतःच्या वहीत तिसराच उमटतो. या आकड्यांमधील अंतर म्हणजे केवळ घरगुती तक्रारीचा विषय नव्हे. त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतील चार सिलिंडरांच्या छोट्या पिकअप गाड्यांच्या, म्हणजे पुढे दोघातिघांची बैठक आणि मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालमोटारींच्या वाटचालीत तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते. तेथील पिकअप म्हणजे सहा किंवा आठ सिलिंडरांचे दांडगे वाहन, अशीच लोकांची समजूत होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानची डॅटसन आपली चिमुकली पिकअप घेऊन कॅलिफोर्नियात उतरली. १९६९ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. वस्तुतः या गाड्यांच्या वाटेत एक विलक्षण धोंड पडलेली होती. पश्चिम युरोपातील देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, तेव्हा त्याचे उट्टे काढण्यासाठी अमेरिकेने १९६४ पासून परदेशी हलक्या मालमोटारींवर पंचवीस टक्के कर बसवला. भांडण कोंबड्यांचे, आणि भुर्दंड मालमोटारींना! परंतु व्यापारी माणूस वाट काढतोच. पिकअपचा हौदा काढून नुसता सांगाडा बंदरात उतरवला, तर कर चारच टक्के पडे; हौदा मग अमेरिकेत बसवला जाई. १९७२ च्या सुमारास फोर्डची 'कुरियर' आणि शेव्हरोलेची 'लव' या गाड्या बाजारात आल्या. त्यांची नावे अमेरिकन असली, तरी घडण जपानची होती. एक माझ्दाने बांधलेली, दुसरी इसुझूने. ही हौद्याची पळवाट १९८० मध्ये बंद झाली.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला आणि पेट्रोलच्या पंपांसमोर रांगा लागल्या. कालपर्यंत ज्या गाडीला लोक खेळणे म्हणत होते, ती आता शहाणपणाची वस्तू ठरली. माळीकाम, सुतारकाम किंवा लहानशी शेती करणाऱ्या माणसाचा हिशेब सरळ असतो. समजा, त्याची मोठी पिकअप गॅलनला १२ मैल जात होती आणि नवी छोटी २४ मैल जाऊ लागली, तर १२०० मैलांच्या रपेटीत १०० गॅलनांऐवजी ५० गॅलनांत काम भागते. (येथे एक खुलासा अवश्य आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरांचा, आपल्याकडे पूर्वी प्रचलित असलेला इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरांचा. म्हणून अमेरिकेतील २४ मैल म्हणजे लिटरमागे सुमारे १०.२ किलोमीटर.) वाचलेले ते ५० गॅलन म्हणजे त्या माणसाच्या घरातील धान्य, औषध, मुलांची फी. गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या आकड्याला एवढे महत्त्व आले ते यामुळेच.

तो आकडा काचेवर येणे १९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने सक्तीचे झाले. तो काढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. प्रयोगशाळेत तिची चाके लोखंडी रुळांवर ठेवतात आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणे वेग कमीजास्त करीत ती जागच्या जागी चालवतात. किती पेट्रोल जळले हे टाकीवरून ठरवत नाहीत. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंतील कार्बन मोजून त्यावरून हिशेब मांडतात. शहरी चाचणीचा आराखडा लॉस एंजेलिसमधील वाहतुकीवरून बेतलेला होता. त्यातील सरासरी वेग ताशी अवघा २० मैलांच्या आसपास. हमरस्त्याच्या चाचणीत सरासरी वेग ४८ मैल आणि कमाल ६० मैल. जानेवारी १९७४ मध्ये साऱ्या देशाला ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घालून दिलेली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे हा आराखडा त्या काळाला अनुरूप होता असेच म्हणावे लागेल. त्यात एक गोम मात्र होती. त्या वेळची यंत्रे झपाट्याने वाढणारा वेग पेलू शकत नसत. म्हणून आराखड्यातील गतिवाढही मुद्दाम मवाळ ठेवण्यात आली. यंत्राची मर्यादा अशा रीतीने आकड्यात शिरली.

छोट्या पिकअपच्या बाबतीत हे अंतर अधिकच रुंदावे. चाचणीत गाडीच्या मूळ वजनात फक्त ३०० पौंडांची, म्हणजे सुमारे १३६ किलोंची भर धरतात. दोन माणसे बसली की ती भरली. तात्पर्य, जी गाडी ओझे वाहण्यासाठीच जन्माला आली, तिची परीक्षा रिकाम्या हौद्याने होते. प्रत्यक्षात तिच्यात विटा असतात, खताची पोती असतात, शिड्या बांधलेल्या असतात. चार सिलिंडरांचे लहान इंजिन रिकाम्या गाडीला काटकसरीने ओढते. ओझ्यासह चढ लागला की चालकाला पायाखालची कळ पुरती दाबावी लागते आणि काटकसर संपते. दुसरा शत्रू वारा. वेग ताशी ५५ वरून ७० मैलांवर गेला, तर हवेचा विरोध सुमारे १.६ पट होतो. हौद्याचा फाळका उघडा टाकला म्हणजे वारा आरपार जाईल आणि पेट्रोल वाचेल, असा समज अनेक चालकांत आहे. पण तो उलटा ठरतो. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरचा प्रवाह त्यावरून घसरत जातो. फाळका पाडताच ही व्यवस्था मोडते आणि विरोध बहुधा वाढतो. त्यात थंड इंजिनाने केलेल्या दोन-दोन मैलांच्या फेऱ्या आणि चाकांतील कमी हवा मिळवली, म्हणजे काचेवरचा आकडा आणि वहीतला आकडा यांची फारकत का होते ते कळते.

तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने वाहनधारकांच्या वापरातील प्रत्यक्ष अनुभव तपासला आणि १९८५ च्या गाड्यांपासून दुरुस्ती केली : शहरी आकड्यातून दहा टक्के आणि हमरस्त्याच्या आकड्यातून बावीस टक्के वजा. कालपर्यंत ३० आणि ४० म्हणवणारी गाडी एका रात्रीत २७ आणि ३१ वर आली. गाडी तीच, पेट्रोल तेच, बदलले ते सांगणाऱ्याचे धारिष्ट. पुढे २००८ च्या गाड्यांपासून आणखी चाचण्यांची भर पडली : एक ताशी ८० मैलांपर्यंतच्या धावेची, एक कडक उन्हात वातानुकूलन चालू ठेवून, एक गोठणबिंदूखाली उणे सात अंश सेल्सिअसच्या थंडीत. तथापि, कारखान्यांनी कायदा पाळला की नाही हे ठरवताना जुनेच, न वजावलेले आकडे आधारभूत राहिले. एक वही गिऱ्हाइकासाठी, दुसरी कायद्यासाठी!

कायद्याच्या या दुसऱ्या वहीनेच छोट्या पिकअपचे दैव फिरवण्यास हातभार लावला. आरंभी प्रत्येक कारखान्याला आपल्या सर्व हलक्या मालमोटारींची मिळून एक सरासरी गाठावी लागे. १९९६ ते २००४ या काळात ती गॅलनला २०.७ मैल होती. मोठ्या गाड्यांनी ओढून खाली आणलेली सरासरी वर उचलण्यासाठी छोटी पिकअप उपयोगी पडे. २००६ मध्ये मंजूर झालेल्या नव्या पद्धतीत लक्ष्य गाडीच्या चार चाकांमधील क्षेत्रफळावरून ठरू लागले : गाडी जितकी मोठी, तितकी अट सैल. मग छोटी गाडी बांधण्यात कारखान्याला लाभ कोणता? मोठ्या पिकअपवर मिळणारा अधिक नफा आणि कोंबड्यांपायी बसलेला तो जुना कर ही कारणेही होतीच. चार सिलिंडरांची फोर्ड रेंजर गॅलनला शहरात २२ आणि हमरस्त्यावर २७ मैल देत असे. डिसेंबर २०११ मध्ये मिनेसोटातील तिचा कारखाना बंद झाला. पेट्रोल वाचवण्यासाठी केलेल्या नियमाच्या छायेतच पेट्रोल वाचवणारे वाहन नाहीसे व्हावे, हा या इतिहासातील सर्वांत कडू धडा होय.

२०२१ मध्ये फोर्डनेच मेक्सिकोतील कारखान्यातून 'मॅव्हरिक' ही लहान पिकअप आणली. चार सिलिंडरांच्या इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड दिल्यामुळे तिचा शहरी आकडा ४२ आणि हमरस्त्याचा ३३ मैल असा उलटा लागला; कारण ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती पुन्हा साठवते, आणि ब्रेक लागतात ते शहरातच. जुन्या सुताराच्या गरजेला मिळालेले हे उत्तर खरे, पण त्याला दहा वर्षे वाट पाहावी लागली.

भारतातही हा प्रश्न परका नाही. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या वाहन-संशोधन संस्थेच्या नावाने सांगितला जाणारा आकडा असाच रुळांवर निघतो, आणि गिऱ्हाईक त्याला अंतिम शब्द मानून बसते. तो आकडा खोटा नसतो. तो दोन गाड्यांची एकाच तराजूत तुलना करण्यासाठी असतो. कोणाच्या हौद्यात किती ओझे आहे आणि कोणाच्या वाटेत किती घाट आहेत, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसते. त्यासाठी एकच साधन उरते : टाकी काठोकाठ भरावी, मैलांची नोंद करावी, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत किती पेट्रोल लागले ते लिहावे, आणि हे एकदा नव्हे, दहा वेळा करावे. अमेरिकेत काचेवरचा आकडा दोनदा खाली आला, तो अशा वह्या ठेवणाऱ्या सामान्य माणसांचा अनुभव अखेर सरकारला मोजावा लागला म्हणून.