अष्टावधानी आणि एकमार्गी

माणसांच्या तऱ्हा दोनच. अष्टावधानी आणि एकमार्गी. पहिल्या तऱ्हेचं माणूस पोळी लाटता लाटता मुलाचे पाढे ऐकतं, दुधावर नजर ठेवतं आणि शेजारणीच्या बोलण्यातली खोचही टिपतं. दुसऱ्या तऱ्हेचं त्याच वेळी बाहेर नुसता पेपर वाचतं. आमच्या घरात दोन्हींचा एकेक नमुना आहे. कुठला कोण, हे सूज्ञांस सांगणे न लगे.

बँकेत मात्र एकमार्गी माणसाची धडगत नाही. एक जण पासबुक पुढे करतो, दुसरा केवायसीचे कागद, आणि तिसरा, ज्याचं काहीच काम नसतं तो, "झालं का हो?" म्हणून विचारतो. तेव्हा श्रेष्ठ कोण, यासाठी मी इतिहासालाच साक्षीला बोलावले.

आमच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते महात्मा फुले म्हणजे अष्टावधान्यांचे मेरुमणी. १८४८ साली मुलींची शाळा, १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ या एकाच वर्षी 'गुलामगिरी' आणि सत्यशोधक समाज, १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासदत्व, आणि पोटापाण्यासाठी बांधकामाची ठेकेदारी! १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तर या गृहस्थाने डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिला. (आम्ही बोट कापलं तरी रजेचा अर्ज टाकतो.)

दुसऱ्या पारड्यात डॉ. वि. सी. सुकथनकर. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे त्यांनी १९२५ साली हाती घेतली, ती १९४३ साली प्राणाबरोबरच सुटली. अठरा वर्षे एकच ध्यान: पोथ्यांतले पाठ ताडून पाहणे. तरी काम पुरे झाले नव्हते. १९१९ साली आरंभलेले ते १९६६ साली तडीस गेले.

आता जमाखर्च मांडू. फुल्यांची खाती अनेक, पण सगळ्यांतली शिल्लक एकच: दबलेल्या माणसाला उभे करणे. शिवाय शाळेत शिकवायला सावित्रीबाई होत्या. सुकथनकरांचे खाते एक, पण त्यात भर घालणारे पंडित अनेक. म्हणजे अनेक कामे करणाऱ्याला ध्यास एक लागतो, आणि एकच काम करणाऱ्याला साथ अनेकांची लागते. दोन्ही बाजू जुळल्या, ताळेबंद झाला.

उरली एक तिसरी तऱ्हा. ध्यासही नाही, कामही नाही, तरी कायम घाईत. ती कुठल्याच खात्यात बसत नाही. ती काउंटरपाशी उभी राहून "झालं का हो?" विचारते.