बुक्का : नाव जुने, घडण नवी

मंगळवेढ्याचे संत चोखामेळा यांचा अबीर-गुलालाचा अभंग मराठी घरांत सर्वपरिचित आहे. ज्याला देवळाबाहेरच उभे राहावे लागले, त्या भक्ताने गायिलेला हा रंग-गंधाचा सोहळा होय. मंगळवेढ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील पंढरपुरात वारकरी आजही गोपीचंदनाच्या टिळ्याजवळ काळा बुक्का लावतात. बोलण्यात त्यालाच अबीर असेही म्हटले जाते. नाव टिकले, पुडीतील द्रव्ये मात्र पुष्कळदा बदलली आहेत.

जुनी घडण : लोणारी कोळशाची वस्त्रगाळ पूड हा पारंपरिक बुक्क्याचा पाया. त्यात चंदन, नागरमोथा, वाळा, कचोरा, दवणा अशी सुगंधी द्रव्ये कुटून मिसळली जात. प्रमाण घराण्यागणिक वेगळे असे.

नवी घडण : स्वस्त बुक्क्यात वनस्पतींची जागा कृत्रिम सुगंधाने घेतली आहे. यामागे प्रामुख्याने चंदनाची टंचाई आहे. चंदनाचा सुगंधी गाभा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. बेसुमार तोडीमुळे हा वृक्ष आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'असुरक्षित' गणला गेला आहे.

गंधातील फरक : चंदन, वाळा व नागरमोथा यांतील तेले सावकाश उडतात. त्यामुळे जुन्या घडणीचा वास प्रथम मंद, मातकट वाटतो आणि रेंगाळतो. हलक्या कृत्रिम सुगंधाचा दर्प पुडी उघडताच जाणवतो, पण लवकर ओसरतो.

जुने ते सारे निर्धोक, असे मात्र नाही. फ्रान्समधील गेर्लँ कंपनीच्या १९१९ च्या 'मित्सुको' अत्तराचा प्राण असलेल्या ओकमॉस या नैसर्गिक दगडफुलाच्या अर्कातही त्वचेला अपायकारक घटक आढळले. युरोपीय संघाने २०१७ साली त्यांपैकी दोन घटकांवर बंदीचा नियम केला. उलट, मस्क अँब्रेट हा कृत्रिम कस्तुरीगंधही १९९५ साली तेथील सौंदर्यप्रसाधनांतून बाद झाला. उन्हात त्वचेवर विकार उद्भवणे हे त्याचे कारण होते. दिवसभर उन्हात चालणाऱ्या वारकऱ्याच्या कपाळाशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

पारख : दोन्ही नमुने चिमूटभर घेऊन वेगवेगळ्या कागदांवर ठेवावेत, लगेच, तासाभराने व दुसऱ्या दिवशी वास घ्यावा. नमुना फार जुना असल्यास त्यातील हलके गंध आधीच उडालेले असतात, हे ध्यानात ठेवावे. चिमूटभर बुक्का पाण्यात टाकावा. कोळसा विरघळत नाही. पाण्यात काळा-निळा रंग उतरल्यास रंगद्रव्य मिसळल्याचा संशय घ्यावा. कपाळावर खाज किंवा काळसर डाग दिसल्यास वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

घडण बदलणे अटळ असेल. परंतु पुडीवर घटकांची नावे छापलेली असली, तर आपण कपाळी काय लावतो हे भाविकाला कळेल.