अर्घव्यवस्था आणि एकपीठ : लातूर-नांदेडच्या पेठांच्या निमित्तानें

व्यापाऱ्यांनीं संगनमत करून भाव पाडावा अगर चढवावा, आणि राजसत्तेनें त्यांस शासन करावें, ही कल्पना विलायती कायद्यानें आणिली, अशी समजूत बहुधा आढळते. ती निराधार आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत, एकत्र होऊन माल अडविणाऱ्या वैदेहकांस १००० पण दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत याच अपराधास उत्तमसाहस, म्हणजे त्याच स्मृतीच्या मानानें १०८० पण दंड आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानें चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळीं (इ. स. १०७६-११२६) कल्याण येथें रचिली, आणि तें कल्याण लातूरच्या आग्नेयेस जवळच आहे.

दंड ठरला, तो करावा कोणीं? कौटिल्यानें विक्रय पण्याध्यक्षाकडे, मापें पौतवाध्यक्षाकडे, जकात शुल्काध्यक्षाकडे व पेठेची देखरेख संस्थाध्यक्षाकडे सोंपविली. परंतु संगनमत करणारा वाणी तराजू, भाव आणि सांठा हीं तिन्ही एकदमच हातीं धरतो. अधिकार विभागले गेले, तर अपराध मधल्या फटींतून निसटतो.

मराठवाड्यांत या फटी बुजविण्याचा आधुनिक यत्न निजामी राज्यांत झाला. फसली १३३९ (इ. स. १९२९-३०) चा हैदराबाद कृषिबाजार कायदा तो हाच. रुमालाखालीं बोटांच्या खुणांनीं भाव करण्याची हत्ता पद्धत, कडता, धर्मादाय इत्यादि जुन्या पेठांतील चालींस आळा घालणें, हा अशा कायद्यांचा हेतु होता. पुढें १९६३ च्या महाराष्ट्र कायद्यानें हैदराबाद, मुंबई व मध्यप्रांत-वऱ्हाड येथील निरनिराळे कायदे रद्द करून एकच व्यवस्था लाविली. अडत्यांचे परवाने, तोलाई व तंटे हीं एका बाजारसमितीकडे आलीं. मात्र त्या समितींत व्यापाऱ्यांचे प्रतिनिधीही बसतात.

मोठ्या संगनमताचा निवाडा निराळ्याच मार्गानें गेला. १९६९ चा मक्तेदारीविषयक कायदा २००९ सालीं रद्द झाला व २००२ च्या कायद्याखालील दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे तें काम आलें. अपिलांसाठीं असलेलें स्वतंत्र न्यायाधिकरणही २०१७ सालीं कंपनीविषयक अपील न्यायाधिकरणांत विलीन झालें.

यावरून आमचें मत असें कीं, एकपीठ इष्ट आहे, परंतु तें पेठेपासून फार दूर नसावें आणि पेठेच्या मुठींतही नसावें. लातुरास तूर आणणाऱ्या कुणब्यास दिल्ली दूर आहे. आणि जवळची समिति ज्यांवर देखरेख ठेवावयाची, त्यांसही आपल्यांत बसविते. हा पेंच कौटिल्यालाही चुकला नव्हता. म्हणूनच त्यानें कंटकशोधनाचें काम अध्यक्षांहून निराळ्या तीन प्रदेष्ट्यांकडे दिलें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. आपण सनदा व ताम्रपट जपतों, पण अडतीच्या मोडी वह्या रद्दींत जाऊं देतों. नांदेड-लातुराकडील जुन्या घरांत अशा वह्या आढळल्यास जतन कराव्या. कायदा काय म्हणतो तें छापील पुस्तकांत मिळेल. कायद्यापूर्वीं व कायद्यानंतर कडता किती कापला गेला, हें फक्त त्या वह्याच सांगतील.