गावरानी, उमरडा, खामगाव

'गावरान' हा शब्द आज कौतुकाने उच्चारला जातो. तूप गावरान, कोंबडी गावरान. गुरांच्या बाबतीत मात्र या शब्दाने एक नोंद गिळली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये वऱ्हाडातील गुरांना 'गावरानी' म्हटले असून तिचे दोन प्रमुख प्रकार दिले आहेत : उमरडा आणि खामगाव. म्हणजे गावरानी हे तेव्हा एका जातीचे नाव होते. पुढे ते 'कोणत्याच जातीचे नसलेले' या अर्थाने वापरात आले.

गुरांना खामगावचे नाव मिळावे, हेही सूचक आहे. हा तालुका १९०५ साली अकोल्यातून बुलढाण्यात आला. १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा येण्याआधीच येथे कापसाची मोठी पेठ होती. त्याहीपूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या लादणीच्या बैलांवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. अशा मुलखात बैलाची पारख ओढीवरून होणार, गाईच्या दुधावरून नव्हे.

या पारखीतच एक मेख आहे. उमदा गोऱ्हा बडवून बैल होतो. त्याचा वंश तेथेच थांबतो. वळू थोडे उरले की आनुवंशिक विविधता किती आटते, याचे गणित साधे आहे. शंभर गाई आणि एकच वळू असलेला कळप आनुवंशिकदृष्ट्या जेमतेम चार जनावरांइतका भरतो. मोजताना शंभर दिसतात, ही खरी फसगत. कृत्रिम रेतनात तर एका वळूची संतती शेकडो गावांत पसरते.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत महाराष्ट्राची खिल्लार, देवणी, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी, कोकण कपिला आणि अलीकडची कठाणी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या म्हशीलाही 'पूर्णाथडी' म्हणून मान्यता मिळाली. खामगाव आणि उमरडा यादीत नाहीत. (म्हशीचे नशीब गाईहून बरे, असे वऱ्हाडात क्वचितच घडते!)

गॅझेटियरकारांनी शरीराची ठेवण पाहून आणि बाजारातली नावे ऐकून भेद केले असतील, ही शंका रास्तच आहे. पण आज ती तपासता येते. डीएनएच्या खुणांवरून दोन कळपांतील अंतर आणि प्रत्येक कळपातील वैविध्य मोजता येते. त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदकडे, संकर न झालेल्या गाई शोधाव्या लागतील. आणि पशुगणनेत त्या 'अवर्णित' याच रकान्यात पडलेल्या असणार.